स्टॉप म्हणण्याचा अधिकार

रविवार, ९ मार्च. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या गोष्टींची नोंद त्या होण्याआधीच सुरू करावी, नाहीतर पुढे तपशील विसरतात. तर तपशील: मी विनय, वय त्रेपन्न, मिल्टन कीन्स, आयटी प्रोजेक्ट मॅनेजर. तीन वर्षं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, शिकतोय. आज उतरल्यावर एलियटकाका म्हणाले की तू आता रेडी आहेस, मागच्या सीटवर माझं वजन उगाच. काका क्लबचे मुख्य इन्स्ट्रक्टर. बेने इस्राएल, जन्म मुंबईचा, वाढले इल्फर्डला, वय बहात्तर. उगाच स्तुती करणारा माणूस नव्हे.
म्हणजे सोलो. एकट्याने उडायचं, एकट्याने उतरायचं. बायकोला, रेखाला, सांगितलं. मेडनहेडला तिच्या भावाला, समरला, फोन केला. तो म्हणाला की त्याला बघायला यायचं आहे. त्याला डेडलाइन दिली: एप्रिलअखेर. माझ्या मते हे उदार आहे, पुढच्या आठवड्यातच होईल.

रविवार, १६ मार्च.
हवा उत्तम. मी तयार. पण मैदानावर उभं राहून नीट पाहिलं आणि धक्काच बसला. एक जण पंखाचं टोक धरतो, दुसरा केबल लावतो, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला क्लबची तरुण मेंबर नताली विंच, म्हणजे केबल वेगाने गुंडाळणारं यंत्र, सुरू करते आणि ग्लायडर पतंगासारखं वर जातं. सगळं हसतखेळत. कोणाच्या कपाळावर आठी म्हणून नाही.
भिंतीवरचे नियम वाचले. एक फार आवडला. मैदानावरच्या कोणालाही, अगदी पाहुण्यालासुद्धा, काही धोक्याचं दिसलं तर त्याने ‘स्टॉप’ ओरडायचं. लाँच तिथल्या तिथे थांबतो. ओरडणाऱ्याला कोणी रागवायचं नाही आणि जाबही विचारायचा नाही. इतका सुंदर नियम आणि कोणी वापरतच नाही.
ठरवलं: आधी ग्राउंड सेफ्टीला शिस्त, मग सोलो. काकांना सांगितलं. ते म्हणाले, बरं.

रविवार, २३ मार्च.
केशरी जाकीट मागवलं होतं, आलं. पाठीवर ‘सेफ्टी’ छापून घेतलं आहे. असं पद क्लबमध्ये नव्हतं, आता आहे.
पहिला स्टॉप: ससा. दुसरा स्टॉप: प्लास्टिकची पिशवी. तिसरा: तोच ससा. चौथ्याला मी गाय पाहिली. काका म्हणाले की अरे विनय, स्टॉप फर्स्ट क्लास होता, पण ती गाय पुढच्या काउंटीत आहे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून मनावर घेतलं नाही.
माझी स्वतःची पाळी आली तेव्हा उशीर झाला होता. चालायचंच. नेता शेवटी जेवतो.

शनिवार, ५ एप्रिल.
आज मी काय फॉर्ममध्ये होतो. हात स्थिर, डोकं थंड. आज शंभर टक्के उडालो असतो. पण शनिवारी काकांचा शब्बाथ, ते येत नाहीत, आणि पहिल्या सोलोला त्यांचीच परवानगी लागते. तीन जणांना मुद्दाम बोलावून सांगितलं की आज काका असते तर.

रविवार, ६ एप्रिल.
काका होते. माझा घसा खवखवत होता.

रविवार, २७ एप्रिल.
समरचा मेसेज, की अप्रिल संपत आला. त्याचं मराठी असंच. त्याला कळवलं की कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पहिली डेडलाइन केवळ सूचक असते.
क्लबहाउसमध्ये सेफ्टीवर प्रेझेंटेशन दिलं, चौसष्ट स्लाइड्स. शेवटपर्यंत फक्त नताली जागी होती. तिला विंचवर तासन्‌तास थांबायची सवय आहे. प्रश्न विचारा म्हटल्यावर तिने विचारलं की तू उडणार कधी. विषयाला सोडून होता, घेतला नाही.

रविवार, ११ मे.
आकडे बोलतात. मागच्या वर्षी याच सुमारास दिवसाला चाळीस लाँच. आज दिवसभरात चार. अपघात शून्य. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. नताली म्हणाली की हँगरला कुलूप घातलं तर तेवढेच शून्य येतील, आणि आपल्याला घरी झोपता येईल. तरुण आहे. मेट्रिक्स हळूहळू कळतील.
दोन मेंबर दुसऱ्या क्लबात गेले. जागा कमी गजबजली, हेही सेफ्टीला पूरकच.

रविवार, २२ जून.
रेखा डबा घेऊन आली होती. काकांनी मला ग्लायडरमध्ये बसायला सांगितलं. मी म्हटलं, बसतो, पण मैदान पश्चिमेला किंचित उतरतं, ते कोणी मोजलं आहे का. रेखा धपाट्यांवर लोणी लावता लावता म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिच्या मदतीचं मला कौतुक वाटलं. अंगण वाकडं आहे हेच तर मी सांगत होतो.
पुढचा आठवडा उताराची मोजणी. काकांनी धपाटे खाल्ले आणि तिच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत बसले. मी जवळ गेल्यावर विषय लोण्यावर आला.

रविवार, १३ जुलै.
उतार आढळला नाही. गवत मात्र फार वाळलं आहे. आगीचा विचार व्हायला हवा.

शनिवार, ३० ऑगस्ट.
इथल्या मराठी मंडळाचा गणपती. आरतीनंतर कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. खरं तर पार्किंगमधली एक निळी गाडी हलवायची सूचना द्यायची होती. ती दिली आणि पुढे जाहीर केलं की पुढच्या रविवारी मी एकटा ग्लायडर उडवणार आहे, सर्वांनी यावं. टाळ्या पडल्या. समरने शिट्टी वाजवली.
असं का बोललो ते माझं मलाच कळलं नाही. चार मोदक खाल्ले. पाचवा समरच्या ताटात ठेवला.

रविवार, ७ सप्टेंबर.
आज ग्रहण. मी असलं काही मानत नाही, पण पुण्याहून आईचा फोन आला होता आणि या वयात तिचं मन का दुखवा. काका म्हणाले की ग्रहण संध्याकाळी आहे आणि ते चंद्राला आहे. मी म्हटलं, तरीसुद्धा. मंडळाचे नऊ जण आले होते. समोसे खाऊन गेले. समर पुढच्या रविवारी परत येणार म्हणतो. त्याला दुसरं काही काम दिसत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर. सकाळी ६.
वारा नाही. पाऊस नाही. घसा ठीक. आईचा फोन नाही.

तोच दिवस. दुपार.
मैदानाची पूर्ण चक्कर मारली. ससा नाही. गवत परवाच कापलेलं. केबल नवी. ग्लायडर मी स्वतः तपासलं, मग पुन्हा तपासलं, मग काकांना तपासायला लावलं. कुठे काही म्हणजे काहीही चुकीचं सापडलं नाही. आयुष्यात इतकी निराशा क्वचित झाली असेल.
बसलो. काकांनी मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधले, म्हणजे ते सुटून कुठे अडकू नयेत. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बाजूला झाले. मी डोक्यावरचं काचेचं झाकण लावलं. आत फार शांत होतं. तीन वर्षं मागून पेपरमिंट चघळल्याचा आवाज यायचा, तो नव्हता. पंखाचं टोक उचललं गेलं. केबल ताणली जाऊ लागली. समोर सगळं हिरवंगार, मोकळं.
आणि कोणीतरी स्टॉप ओरडलं. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग बघितलं तर सगळे माझ्याचकडे बघत होते आणि माझा हात केबल सोडायच्या पिवळ्या नॉबवर होता. तो मी आधीच ओढला होता.

संध्याकाळ.
नियम म्हणजे नियम. कोणी काही विचारलं नाही. चौघांनी मिळून ग्लायडर मागे ढकललं. समर तोंड उघडणार होता, तर नतालीने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. काकांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, ये बाहेर, पाणी पी. सहा महिने मी ज्या नियमाचे गोडवे गायले तो आज मला सहन होईना. कोणीतरी विचारायला हवं होतं.
परत येताना गाडी मी चालवत होतो. रेखा रेडिओ ऐकत होती. मिल्टन कीन्स आलं, एकामागून एक राउंडअबाउट. एका राउंडअबाउटला मी दोन चकरा मारल्या, तरी तिने फक्त रेडिओचं स्टेशन बदललं. मग मीच म्हणालो की काही दिसलं नव्हतं. कारण नव्हतं. मी घाबरलो.
ती म्हणाली, माहीत आहे.
कधीपासून, विचारलं. ती म्हणाली, मार्चपासून.
आणखी कोणाला माहीत आहे, विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांना. फक्त तुला सोडून.
काका जूनमध्येच तिला म्हणाले होते की त्याला टोचू नकोस. तो बाहेर उभा राहून स्टॉप म्हणतो तोवर मला काही करता येत नाही. एकदा आत बसून म्हणू दे, मग शिकवता येईल.
मला खूप राग यायला हवा होता. आला नाही. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि काकांना मेसेज केला, की पुढच्या रविवारी मागे बसाल का. उत्तर लगेच आलं, की बसतो की, पण पट्टे तू बांध, मला वाकवत नाही.