रशीदच्या दीपगृहाची बातमी वेबसाइटवर का नाही

कैरो, मनियल

आदरणीय थोरले बंधू अबेह हातेम यांस,

तुमच्यावर शांती असो, लमिसवहिनींवर असो, आणि जुळ्यांवर तर जास्तच असो (त्या घरात तिचीच टंचाई आहे असं मावशी म्हणते). कुवेतचा उन्हाळा कसा आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही तापमान सांगता, मग आम्ही इथलं सांगतो आणि दर वेळी तुम्हीच जिंकता. तुमची पाठ बरी असेल आणि ती उंच उशी तुम्ही कुणाला तरी देऊन टाकली असेल अशी आशा आहे. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझी नाझलीमावशी, उत्तम आहे. हे इतक्या वर लिहिलं, कारण रद्वाचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी आजारी असणार असा आपल्या घरात समज आहे. तसं काही नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता आणि मग माझा क्रम चुकतो.

ईदला आला होतात तेव्हा मला बाल्कनीत नेऊन तुम्ही एक काम सांगितलं होतं. मावशीची दृष्टी काचबिंदूने गेली तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचे उस्ताज शौकत रोज दुपारच्या नमाजानंतर वर येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. विधवा बाईच्या दारात एक विधुर माणूस रोज बसतो, हे तुम्हाला बरं दिसत नव्हतं. तुम्ही बोलणारा फोन आणून दिलात आणि मला म्हणालात, तू त्याच वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर काम करतेस, तर आई स्वतः वाचू शकेल असं काहीतरी कर, त्या गृहस्थांना जरा विश्रांती मिळू दे. (विश्रांती हा शब्द तुमचा आहे.) हे पत्र म्हणजे त्या कामाचा अहवाल समजावा.

काम सोपं असेल असा माझा समज होता. मग एका सकाळी मी फोनचा पडदा झाकून, त्यातला वाचणारा आवाज चालू करून आमची वेबसाइट प्रथमच कानांनी वाचली. 'चित्र. चित्र. बटण. बटण. बटण. नाव नसलेलं बटण.' मध्येच जाहिरातीतला एक साबण आपणहून गाऊ लागला. ताज्या बातमीची पट्टी तर स्वतःचंच वाक्य तोडून तेच वाक्य पुन्हा सुरू करत होती, अगदी लग्नातल्या एखाद्या आत्यासारखी. वरच्या यादीत एकदा शिरलं की बाहेर पडायला रस्ताच नव्हता. अंध विद्यार्थ्यांच्या संघटनेतला एक तरुण तपासणीला आला होता, तो तिथे अडकून शेवटी म्हणाला, "ताई, इथून सुटका आता फक्त अल्लाच्या हाती." हे सगळं मी आमचे प्रमुख इंजिनिअर, बाशमुहन्दिस वजदी, यांना सांगितलं. ते म्हणाले, "पण आंधळी माणसं आपली वेबसाइट वापरतच नाहीत, आकडे बघ." मी म्हटलं की दारापुढे भिंत बांधून कुणी आत येत नाही याची नोंद ठेवण्यासारखं आहे हे. त्यावर ते म्हणाले, "कर काय करायचं ते, पण मला बैठकीत बोलवू नकोस."

मग आम्ही बटणांना नावं दिली, मथळ्यांना मथळे म्हणून खुणा केल्या, साबणाला गप्प केलं. सर्वात कठीण गेलं छायाचित्रांचं वर्णन. जे चित्र दिसत नाही त्यात काय आहे ते संपादकांनी एका ओळीत लिहायचं होतं. एका ज्येष्ठ संपादकांनी एका फोटोखाली लिहिलं, 'उज्ज्वल उद्याकडे झेपावणारी आकांक्षा.' मी विचारलं, फोटोत काय आहे? म्हणाले, पूल. मी म्हटलं, मग पूल लिहा. "नुसता पूल?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'लांब पूल' लिहून पाठवलं. मी ते तसंच ठेवलं (पूल लांब होता, मी तपासलं).

नवी वेबसाइट लोकांपुढे आणण्याआधीची शेवटची अट मीच घातली होती: आमच्यापैकी नसलेल्या, या यंत्रांची सवय नसलेल्या एका अंध व्यक्तीने पहिलं पान आपलं आपण शेवटपर्यंत वाचावं आणि 'चालतं' म्हणावं. त्याशिवाय काही पुढे जाणार नाही. ती व्यक्ती म्हणून मी मावशीचं नाव दिलं. तुमचंही काम, माझंही काम, एका दगडात. मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, मावशी, आता तुला वाचून दाखवायला कुणाचीही गरज पडणार नाही. तिने फोन मांडीवर उपडा ठेवला. आनंदाने ठेवला असं मी समजले. (माणसांच्या बाबतीत माझे अंदाज असेच असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.)

बोटं तिची हुशार. दोन-तीन बैठकांत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारायला शिकली. पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं. मी पेन उघडून बसले. ती म्हणाली, "नाही चालत." मी विचारलं, काय नाही चालत? "अर्ध्या बातम्या गाळते ही तुझी वेबसाइट. रशीदच्या दीपगृहाचं कुठाय?"

मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनेच सांगितलं. रशीद गावाजवळच्या दीपगृहाचा एक निवृत्त रखवालदार. गावातल्या एका विधवेचा रेडिओ दुरुस्त करायला तो रोज जातो. रेडिओ केव्हाच दुरुस्त झाला आहे, पण तो मुद्दाम एक स्क्रू सैल ठेवून येतो, म्हणजे उद्या जाता येतं. मनातलं बोलायचं आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही. उस्ताज शौकत वर्तमानपत्रातून ही हकिकत थोडी थोडी वाचत होते, वसंतापासून. सगळा जिना त्यात गुंतला होता. (तुम्हाला आठवतं ना, ते बसतात तेव्हा दार लोकलाजेखातर सताड उघडं असतं, म्हणून वर्तमानपत्र सगळी इमारत ऐकते. दरवान अम्म हिलाल पायरीवर बसतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मदाम ऐतिदाल मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत कठड्याला टेकतात.) "तो विचारतो की नाही, एवढंच मला बघायचंय," मावशी म्हणाली. "बाकी तुझे पूल राहू देत."

वेबसाइट बातम्या गाळते याच्याइतका गंभीर दोष आमच्या धंद्यात नाही. मी जाहीर होण्याची तारीख थांबवली. वजदी ओरडले, पण थांबवली. मी जुना साठा गावाच्या नावाने शोधला, मग दीपगृह, रेडिओ, विधवा, स्क्रू या शब्दांनी. छापील अंक चाळले. शेवटी रशीदच्या बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, असा रखवालदार इथे नाही, पण विधवा म्हणाल तितक्या आहेत, एखादी गोष्ट जुळवून देऊ का? उद्घाटनं लिहून लिहून कंटाळलोय. मी नको म्हटलं. 'लांब पूल'वाल्या संपादकांनी हे ऐकलं आणि मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "पण मग त्याने तिला विचारलं का?"

तेव्हा मी दुपारी स्वतः मावशीकडे गेले आणि उस्ताज शौकत यांच्या खुर्चीमागे उभी राहून ऐकलं. ते संसदेतल्या एका वादाचं वाचत होते, जलसिंचनावरून चाललेला. (आयुष्य त्यांनी जलसिंचन खात्यात काढलं, तपशील चोख होता.) दोन सदस्य हमरीतुमरीवर आले, अध्यक्षांनी पाणी मागवलं. जिन्यातून मदाम ऐतिदाल म्हणाल्या, "बरं झालं! तो जाड्या नेहमीच आगाऊ." मी खांद्यावरून पाहिलं. समोर छताच्या पंख्यांची पानभर जाहिरात होती. उलट्या बाजूलाही पंखेच होते.

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना थांबवलं. म्हटलं, पंख्यांतून संसद तुम्ही छान वाचलीत. त्यांनी आधी चष्मा काढला, मग टोपी, जणू यातलं काही काढून उपयोग होईल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिवाळ्यापासून मथळेसुद्धा दिसत नाहीत.

"मग सांगायचं होतंत मावशीला."

"काय सांगू, पोरी? वाचता येत नाही म्हणून सांगू? अगं, वर्तमानपत्राशिवाय मी त्या दारात कोण?"

"आणि दीपगृह?"

यावर ते भिंतीकडे वळले आणि रंगाचे पोपडे काढू लागले. "तिला सांगणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिने विचारलं नाही तर सांगणार नाही, विचारलं तर खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोक फार भयंकर असता." हे मला प्रशंसेसारखं वाटलं नाही.

मावशीने दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी सगळा जिना उतरून परत जायचा विचार केला होता (हे लिहिण्याची गरज नाही, पण अहवाल पूर्ण असावा). ती म्हणाली, "सापडली?" मी म्हटलं, नाही. "नीट शोधलंस?" मी काय काय शोधलं ते क्रमाने सांगितलं, रशीदच्या फोनसकट. "म्हणजे ती बातमी कुणीच छापलेली नाही?" कुणीच नाही, मावशी. तसा माणूसच नाही. ती कुठेही नाही.

मला वाटलं आता ती रडेल, आणि एका म्हाताऱ्या माणसाला मी त्या दारातून कायमचं उठवलं. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग हसायला लागली. इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं.

"अगं रद्वा," ती म्हणाली, "तो वाचत नाही हे मला हिवाळ्यापासून ठाऊक आहे. पान उलटतो तेव्हा वाक्य तुटत नाही त्याचं, आणि वाक्य तुटतं तेव्हा पान उलटत नाही. मला कान आहेत ना? पण हे एक कळत नव्हतं. ते दीपगृहाचं कुठल्या कागदात छापून आलेलं त्याने कुणाकडून ऐकलंय आणि मला ऐकवतोय, की माझ्यासाठी स्वतः रचलंय? कुणाला विचारू? अम्म हिलालला? सगळ्या मनियलभर करेल तो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतः तपासून बघायची सोय झाली." मग फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "चालते तुझी वेबसाइट. फार सुंदर चालते. लिही तिथे."

मी लिहिलं. अबेह, मी सहसा भावना नोंदवत नाही, पण त्या दिवशी मी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. वेबसाइट त्याच आठवड्यात जाहीर झाली. अंध विद्यार्थ्यांच्या संघटनेने आभाराचं पत्र पाठवलं, वजदींनी ते चौकट करून आपल्या खोलीत लावलं आहे आणि आता सगळ्या बैठकांना ते स्वतः येतात.

तेव्हा तुमचं काम झालं असं समजावं. तुमच्या आई आता कुणावरही अवलंबून नाहीत. उस्ताज शौकत दुपारी येतात तेव्हा मावशीच फोन घेऊन बसते आणि त्यांना बातम्या ऐकवते. इमारतीत थोडी नाराजी आहे. अम्म हिलाल मला म्हणाला, "बाशमुहन्दिसा, हे काय करून ठेवलंत? खऱ्या बातम्यांत काही दमच नाही."

वहिनींना आणि मुलांना प्रेम. पाठीची काळजी घ्यावी.

तुमची धाकटी मावसबहीण,
रद्वा

ता. क. रखवालदाराने गेल्या गुरुवारी विचारलं. विधवा 'मुलाला विचारते' म्हणाली.

ता. क. दुसरा. तो मुलगा तुम्ही आहात. निकाहाच्या वेळी आईच्या बाजूने तुम्हीच बसावं अशी तिची इच्छा आहे, आणि ती तुम्हाला स्वतः सांगायला घाबरते. (डोळे गेले तेव्हासुद्धा ती घाबरली नव्हती, मी तिथे होते.) उस्ताजांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मावशीने त्याआधी ठरवली आहे. तिचं म्हणणं, दोघांपैकी एकाने तरी पाहून हो म्हटलेलं बरं.

ता. क. तिसरा. 'नाही' म्हणायचं असेल तर ते मला कळवा, आईला नको. मग काय करायचं ते मी बघेन. 'हो' म्हणायचं असेल तर मला कळवू नका. सरळ तिला फोन करा, पण सकाळी करा. दुपारी ती कामात असते.