चौदा नंबर हलला नव्हता

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र पोचलं. शेवटी तुमच्या दोन ओळी होत्या, त्या काही केल्या लागल्या नाहीत. अक्षर इतकं गचाळ कधीपासून?

माझ्या संशोधनाचा तक्ता एकदाचा पूर्ण झाला. मज्जारज्जूला इजा झाली की आतले धागे कुठे विस्कटलेत ते साध्या एमआरआयमध्ये नीट दिसत नाही. म्हणून आमच्या नव्या पद्धतीत आम्ही आतल्या पाण्याची चाल मोजतो. निरोगी माणसात पाणी धाग्यांच्या कडेने सरळ वरखाली सरकतं. धागे बिघडले की कसंही पसरतं. आजाऱ्यांशी तुलना करायला निरोगी माणसं लागतात, आणि सप्टेंबरात तुम्ही इथे आलात तेव्हा मी तुम्हालाच मशीनमध्ये झोपवलं होतं.

पण तुम्ही नापास. बाकीच्या तेवीस जणांचे आकडे एका रांगेत बसले. चौदा नंबरचे, म्हणजे तुमचे, मानेपाशी भलतेच आले. साधी चित्रं पाहून आमच्या विभागप्रमुख मॅडम वयोमानाची झीज म्हणाल्या. म्हणजे आकडे बिघडले ते तुम्ही हललात म्हणून. मी तेव्हाच वहीत तुमच्यापुढे ‘हालचाल’ लिहून तुम्हाला वगळलं. मेणातून दात कोरणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं गप्प पडवेना, हे सांगितल्यावर मॅडमही हसल्या.

नापास केलं म्हणून लोभ कमी करू नये.

तुमची तपासनीस

१२ फेब्रुवारी

चि. तपासनीसबाईस,
अ. उ. आ.

मी हललो नाही. त्या नळकांड्यात नाकाला खाज सुटली तेव्हाही नाही. कवळ्या बनवण्यात पस्तीस वर्षं गेली. प्लास्टर सुकेपर्यंत मी श्वाससुद्धा मोजून घेतो. वहीतला तो शब्द खोड.

इकडे ठीक. शाळेतल्या निवृत्त बाईंची कवळी दोनदा परत आली, दात ओबडधोबड झालेत म्हणून. सुरी हल्ली मेणात कुठेही जाते. सुरी बदलली, तरी तेच. शर्टाची बटणं तुझी आई लावून देते, आणि असले लाड लग्न नवं होतं तेव्हाही केले नव्हते असं वर ऐकवते. कामासाठी मान वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज जाते. दिवा तेवढा लागत नाही.

एक विचारतो. माझ्या टेबलाशी बसून मोजायला शिकलीस, तेव्हा पहिलं काय सांगितलं होतं? कवळी बसत नाही म्हणून तोंडाला दोष द्यायचा नाही. पुन्हा मोजायचं.

आशीर्वाद आहेतच; माफी मागितल्यावर वाढवून मिळतील.

तुझा न हललेला बाप

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

फोन केला तर तुम्ही तो आईच्या हातात देऊन कामाला बसलात, म्हणून लिहिते. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, आणि मान न वाकवता वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी चौदा नंबर पुन्हा उघडला. माणूस हलला की चित्र सगळीकडेच फरफटतं. तुमचं वर स्वच्छ आहे, खाली स्वच्छ आहे. मध्येच, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी, बोटाच्या पेरापेक्षाही कमी जागेत पाणी वाट चुकलं आहे. तिथे झिजलेला मणका मज्जारज्जूला दाबतो आहे. तुम्ही हलला नव्हता. मला रांग सरळ हवी होती. निरोगी माणसांत माझे बाबा असणारच, हे मी मोजायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मॅडमना सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. त्या हसल्या नाहीत. ऑपरेशन करून दाब काढता येतो, म्हणाल्या. पण धागे एकदा मेले की परत येत नाहीत, आणि आता किती मेलेत ते सप्टेंबरच्या चित्रावरून सांगता येणार नाही. मधले पाच महिने माझ्यामुळे गेले, बाबा.

बटणं कधीपासून? पायाखालची जमीन जाणवते ना? कुठे पडलात का? खरं लिहा. येत्या अठ्ठावीसला सर्जननी वेळ दिली आहे. कवळ्या राहू द्या, लोक आठवडाभर मऊ खातील.

लोभ मागायची आज हिंमत नाही. फक्त या.

तपासनीस

२१ फेब्रुवारी

चि. तपासनीसबाईस,
अ. आ.

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. कालपासून पेन बोटांत राहत नाही.

मुलीनं बापाला धडधाकट धरलं, हा काही एवढा मोठा गुन्हा नव्हे. मीही वेडेवाकडे दात कोरून सुरीला बोल लावतच होतो. शिकवणारा तशी शिकणारी.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बटणं तुझ्याकडून परतल्यापासून. पडलो नाही. जमीन व्यवस्थित जाणवते. अठ्ठावीसला येतो. पुन्हा त्या नळकांड्यात घालणार असाल तर या वेळी तू स्वतः बघत राहा, हलतो का ते.

आशीर्वादात कपात नाही.

बाबा

ता. क. हे माझं आहे, त्यांना वाचून दाखवलेलं नाही. ते जवळ असताना फोनवर बोलता येत नाही. अठ्ठावीसच्या आधीची वेळ मिळते का बघ. आज दुपारी ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. परतले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे राहिली म्हणून मी विचारलं, तर खाली न बघता म्हणाले, पायातच आहे.