शनीवरच्या घोरपडीचे मागचे पाय

मी, मर्ल टिबेट्स, वय ७८, राहणार मिलफोर्क, ओहायो, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे कामातून गेलेत, पण कायदा त्यांना विचारत नाही.

१. घर व त्याखालील जागा भाची लोरेटा हिला. हत्यारे शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला. लोरेटाच्या नवऱ्याने त्यांना हात लावू नये, मागे करवत नेली, ती बोथट करून आणली, वर म्हणतो, "अशीच होती."

२. 'शनीवरची घोरपड' या आमच्या एकमेव चित्रपटाचे दिग्दर्शक डुएन क्रॅब यांना काहीही नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबा, जुना गालिचा आणि अंड्यांचे ट्रे चिकटवून त्यांनी परग्रहावरचा राक्षस केला आणि भर जुलैत आम्हा दोघांना त्यात कोंबलं.

३. राक्षसाचं ते कातडं व्हर्जिल स्टुट्झमन याला. पुढचे पाय मी होतो, मागचे तो. पोस्टरवर मात्र माझं एकट्याचं नाव, कारण "मागच्या पायांना कसलं नाव?" असं मीच डुएनला म्हणालो. तेव्हापासून बत्तीस वर्षं व्हर्जिल माझ्याशी बोललेला नाही.

चित्रपटाच्या शेवटी घोरपड मान वळवून तावडीत सापडलेल्या पोरीकडे बघते आणि तिला न खाताच निघून जाते. तिथे लोक अजून रडतात, माझ्या सह्या घेतात. खरं लिहितो: तेव्हा मी उकाड्याने बेशुद्ध पडलो होतो. व्हर्जिलने मला पाठीवर घेतलं आणि मान त्याने वळवली. हे मी आजवर दडवलं. मला लाज वाटते.

हे कलम ऐकायला वकील ऑड्री प्लंकेट यांनी आज व्हर्जिलला बोलावलं. ऐकून तो म्हणाला, "लेका मर्ल, बत्तीस वर्षांनी सुचलं होय रे तुला?"

"चुकलो बाबा. घेऊन जा ते कातडं."

"काय करू, पांघरू? बाई, हा कागद कोर्टात जाणार ना? मग साक्षीला सही मी करणार."

"तुम्ही सही केलीत तर कातड्यावर पाणी सोडावं लागेल हं. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही."

"सोडलं. पेन द्या."

सबब कलम ३ मधील कातडं रद्द समजावे, बाकीचा मजकूर कायम. त्यातला शब्दही खोडू नये, असं व्हर्जिलने बजावलं आहे.

मिलफोर्क, दि. ९ ऑक्टोबर २००३

सही: मर्ल टिबेट्स

साक्षीदार:
ऑड्री प्लंकेट, वकील
व्हर्जिल स्टुट्झमन, घोरपड (मागची बाजू, शेवटच्या प्रसंगात अख्खी)