पहिल्या ओळीपासून

२० ऑक्टो., रवि.
निघोज्याला रानात टोमॅटोची रोपं लागली. दहा गुंठे, चौदा ओळी. मंदाने लावली, मी दोरी धरली. एवढंच काम मिळालं. अकरा वर्षं ही बाई चिखलीत माझ्या वर्कशॉपवर पार्टच्या कडा घासत होती, आज मला म्हणते, "शेठ, दोरी ताठ धरा. वाकडी झाली की हंगामभर वाकडीच दिसंल." धरली ताठ.

रान तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं. तो जाऊन चार वर्षं झाली. शेजारचा एकर दिराने, बाळासाहेबाने, कंटेनर उभे करायला दिलाय. आता हे दहा गुंठेही त्यालाच जोडायचेत. माझ्यासमोर ठरलं: "वहिनी, एक सीझन करून बघा. न्हाई जमलं तर सही करायची, कुरकुर न्हाई." मंदा "व्हय" म्हणाली. मशीन बंद पडायच्या आधी एक बारीक आवाज करतं, तसा तो व्हय होता. ऐकून राहवलं नाही. म्हटलं, मी आहे अर्ध्यात.

टोमॅटो आजवर कोशिंबिरीतच पाहिलेला माणूस.

२४ ऑक्टो., गुरु.
उन्हाळ्यात वर्कशॉप बंद केल्यापासून घरात नकोसा झालोय. डाळीत मीठ किती ते सांगतो. सौ. म्हणाली, "जा त्या शेतावर. तिथं तरी झाडं उलट बोलत नाहीत."
बोलतात. मला अजून कळत नाही.

५ नोव्हें., मंगळ.
बांबू, तार, सुतळी झाली. झाडं गुडघ्याला आली. आजचा धडा: पान आणि खोड यांच्या बेचक्यात कोंब येतो, तो खुडायचा, नाहीतर नुसता पाला वाढतो. नखाने मोडला की टच् आवाज येतो, बोटं हिरवीकाळी होतात. आवडलं. पार्टच्या कडेची बर काढल्यासारखंच.

रोजचा रिवाज बसला. सातला पोचतो, बांधावर बसून तंबाखू मळतो, चिमूट लावली की रस्त्याकडच्या पहिल्या ओळीपासून सुरू. मंदा घराकडून येते, ती चौदापासून. मधे कुठेतरी गाठ पडते. मग तिने बांधलेल्या सुतळ्याही हाताने चाचपून बघतो. हसते. "हितं बी रिजेक्शन काढणार काय शेठ?" फायनल इन्स्पेक्शन सुटत नाही. पण नऊ-दहाव्या ओळीला डावा गुडघा बोलायला लागतो, मग तिथूनच परत.

१७ नोव्हें., रवि.
खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, आत गोल गोल कडी. घाबरलो. कृषी सेवा केंद्रवाल्याने पान बघितलं न बघितलं: "करपा. खालची पानं काढून रानाबाहेर टाका, पाणी पानावर उडू देऊ नका, हे बुरशीनाशक सकाळी मारा." केलं.

२२ नोव्हें., शुक्र.
करपा थांबला. नवीन पान स्वच्छ. एक रोग शिकलो. सौ.ला जेवताना सगळं सांगितलं. तिने दोनदा "बरं" म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२६ नोव्हें., मंगळ.
मोटारीचं बेअरिंग जाणार. कुणाला ऐकू येत नाही, मला येतं. बघायला विहिरीकडे गेलो तर पत्र्याच्या शेडमागे बाळासाहेब फोनवर. "अहो हुईल की. वहिनीची एक हौस फिटू द्या. जानेवारीत सगळं सपाट करून देतो."
मला बघून, "या शेठ, चहा?" घेतला. गोड होता. मंदाला सांगितलं नाही. सांगून काय, तिलाही कान आहेत.

३ डिसें., मंगळ.
फुलं भरपूर. पण पहिल्या दोन ओळींत शेंड्याची पानं विचित्र. फिकट हिरवं, गडद हिरवं, चट्टे चट्टे. रंग नीट न बसलेल्या पत्र्यासारखं. केंद्रवाला: "मॅग्नेशियम कमी. फवारा."
फवारलं.

८ डिसें., रवि.
पाचव्या ओळीपर्यंत आलं. नवी पानं बारीक, पिळवटलेली, सुतळीसारखी. झाडं खुजी राहिली. म्हणून जास्तच लक्ष देतोय, एकेक झाड हातात घेऊन बघतो. मंदा उकिडवी बसून पान उलटंपालटं करत होती. "हे खताचं न्हाई शेठ. हे आतलं हाय."
"आतलं म्हणजे?"
"मला काय म्हाईत. मी काय शाळा शिकली व्हय."

१२ डिसें., गुरु.
चिखलीत लाइट नाही, वर्कशॉपवाले सगळे मोकळे, दोघे जुने ओळखीचे रान बघायला आले. त्यांच्यापुढे ही अशी झाडं. तेवढ्यात बाळासाहेबही उगवला. "काय शेठ, कसला रोग म्हणायचा हा?"

मागच्या आठवड्यात मंदा दोन दिवस पलीकडच्या गावात मिरची तोडायला गेली होती. मिरचीवरही असलेच चट्टे असतात असं मोबाइलवर बघितलं होतं. म्हणून बोलून गेलो. "दुसऱ्याच्या रानातून हीच घेऊन आली असणार. तसेच हात, तेच लुगडं. सांगायचं किती वेळा."

सांगितलं एकदाही नव्हतं.

मंदाने सुतळीचा गुंडा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. चौदाव्या ओळीकडून घरी गेली. बाळासाहेब नुसता "अच्छा" म्हणाला. तो अच्छा फार आवडीने म्हणाला.

१३ डिसें., शुक्र.
बा. सा.चा फोन. "शेठ, तुमीच म्हणला म्हटल्यावर आता आमाला बोलायलाच नको. भावकीत सगळ्यांना सांगितलं, वहिनीला शेती झेपत न्हाई." म्हटलं, मी असं म्हणालो नाही. "तसंच की वो."

१५ डिसें., रवि.
मंदा तीन दिवस आली नाही. शेजारीण सांगते, चाकणला कुठल्याशा कंपनीच्या कँटीनला लागली. सकाळची शिफ्ट, चपात्या. एकटाच फिरलो. आठव्या ओळीतही दिसतंय. रागाने सगळे फुटवे खुडले. टच् टच्. आता नाही आवडत.

१९ डिसें., गुरु.
काय करावं सुचेना म्हणून जुन्या जॉबकार्डाच्या मागे रानाचा नकाशा काढला. चौदा ओळी, प्रत्येक आजारी झाडाला लाल फुली. वर्कशॉपमध्ये खराब पीस कुठे पडतात ते असंच काढायचो.

पहिली ओळ लालभडक. दुसरी, तिसरी तशीच. पाचवीत निम्मी. आठवीत तुरळक. दहावीत एक. अकरा थोडी शंका. बारा, तेरा, चौदा कोरी.

मंदा चौदापासून सुरू करते. तिने आणलं असतं तर चौदावी आधी जळायला हवी.

पहिलीपासून मी सुरू करतो. आणि जिथे माझा गुडघा बोलतो तिथे रोगही थांबलाय.

खराब पीस ओळीने पडले की मशीन खोलू नका, माणूस बघा, असं मीच ओरडायचो सगळ्यांवर. पण माझ्या हातात काय आहे? दुसऱ्याच्या रानात मी गेलो नाही.

२३ डिसें., सोम.
शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो, पानं पिशवीत घालून. शुक्रवारी गेलो तेव्हा नमुन्यांची रांग होती, आज नंबर लागला. तिथली मॅडम माझ्या मुलीच्या वयाची. पान भिंगाखाली, मग चाचणीच्या पट्टीवर रस. "मोझॅक. विषाणू आहे. याला औषध नाही, काका."
मग माझ्या हातांकडे बघत होती. "तंबाखू खाता?"
"खातो. त्याचं काय?"
"मळून?"
"हो."
"आणि मळलेल्या हाताने फुटवे काढता?"

तंबाखूच्या पानातच असतो म्हणे तो. वाळली, कुटली, डबीत घातली तरी जिवंत. तळहातावरून बोटाला, खुडलेल्या जखमेतून झाडात, त्या झाडावरून पुढच्या झाडात. हात साबणाने धुतले असते तरी पुष्कळ वाचलं असतं. म्हणाली, "तुम्ही प्रत्येक झाडाला हात लावत होतात का?"

प्रत्येक. दोन दोनदा. मायेने.

मॅडमने कागद दिला: आजारी झाडं मुळासकट काढा, जाळा, निरोगी झाडांना आजारी झाडांनंतर शिवू नका. घडी करून खिशात ठेवला.

२४ डिसें., मंगळ.
सौ.: "काय म्हणाली मॅडम?"
"औषध नाही म्हणाली."
खोटं नाही. पुरतं खरंही नाही.
डबी कपाटात ठेवली. खिसा हलका, तोंड जड.

२७ डिसें., शुक्र.
निघोज्याला गेलो नाही. काल गेलो नाही, परवाही नाही. साठीचा माणूस. अख्खं आयुष्य दुसऱ्याची चूक पकडून पोट भरलं, त्यात बरं नावही झालं. माझी चूक मी कधी मोठ्याने बोललोय? आठवत नाही. एकदा सौ.च्या बहिणीचं नाव चुकीचं घेतलं होतं, तेही नाकारलं होतं.
चेष्टा पुरे. ती चपात्या लाटतेय आणि गावात तिचं नाव...

२९ डिसें., रवि.
बा. सा.चा फोन. "कागद तयार हाय शेठ. सहा तारखेला, सोमवारी, धा वाजता रानातच सही. तुमी साक्षीला या. तुमचं नाव घातलंय."
साक्षीला. मी.

३० डिसें., सोम.
गेलो. मुद्दाम मंदाच्या शिफ्टनंतर. ओट्यावर बा. सा. बसलेला, मंदा दारात तांदूळ निवडत. बसा कुणी म्हणालं नाही. उभ्यानेच सांगितलं. नकाशा, तंबाखू, मॅडम, सगळं. कार्ड दाखवलं. आवाज वर्कशॉपमधलाच लागला, मोठा. शेजारपाजारी ऐकू गेला असेल तर बरंच.

मंदाचं बोट तांदळात थांबलं. "म्हंजी माझ्या हातानं न्हाई?"
"नाही. माझ्या."
"हे कधी कळलं?"
म्हणायला आज म्हणता आलं असतं. "गेल्या सोमवारी."
"आठ दिस."
"हो."
पुन्हा निवडायला लागली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बा. सा. हसला. वाईट हसला नाही, तेच वाईट. "शेठ, तुमचा मोठेपणा हाय. पण मला सांगा, झाडं तर गेलीच ना? कोणाच्या का हातानं असंना."
"तीन ओळी उभ्या आहेत."
"तीन ओळीत काय हुतंय राव."
साक्षीतून नाव काढ म्हटलं. म्हणाला, दुसरा मिळंल.

२ जाने., गुरु.
मंदाची सुट्टी. मी पोचलो तेव्हा ती आधीच रानात. पहिली ओळ उपटून झालेली. मी हात घातला तर, "ह्यात घाला. हे तुमचंच हाय." दुसरी, तिसरी, अकरावीपर्यंत. झाडाला फळं होती. हिरवी, चट्ट्यांची, एक-दोन रंगावर आलेली. एक फोडलं, आत तपकिरी. पोत्यात भरून कोपऱ्यात ढीग केला, पेटवला. ओला पाला, धूरच धूर. पलीकडे कंटेनरचे ड्रायव्हर खोकत होते. एकजण ओरडला, "अरे भावा, क्या जला रहा है?" मंदा म्हणाली, "आमची भाजी." तिचं एकटीचंच हसू. मला हसता आलं नाही.

अकरा ओळींची जागा रिकामी. वरून बघितलं तर सपाटच दिसते. बा. सा.ला तेवढं काम कमी.

५ जाने., रवि.
पहिली तोडणी. बारा, तेरा, चौदा. मी बारावीकडे वळलो तर, "तुमी बांधावरच थांबा शेठ." थांबलो. साबणाने धुतलेत म्हटलं. "असूद्या."

बांधावरून बघत होतो. देठासकट तोडते, फळ पिळत नाही, क्रेटमध्ये टाकत नाही, ठेवते. दोन महिने तिच्यामागून फिरलो, सुतळ्या चाचपल्या, तोडताना बघितलं नव्हतं कधी. फळ लाल, घट्ट, डाग नाही. तीन क्रेट भरले. चौथं अर्धं.

पलीकडे जेसीबी आणून उभा केलाय. उद्याचाच असणार. मंदाने एकदा तिकडे बघितलं, पदर खोचला, पुढच्या झाडाला गेली.

सहीचं विचारावं असं दहा वेळा आलं. विचारायचा हक्क कुठला. शेवटी म्हटलं, "उद्या दहाला..."
"सकाळची शिफ्ट हाय मला," म्हणाली. मग थोडं थांबून, "सुट्टी टाकली तर टाकीन. बघू."
क्रेट टेम्पोला लावून परत आली. चपला झटकल्या. घराकडे निघाली, अर्ध्यातून वळली.
"शेठ, उद्या सकाळी पाणी सोडा. अर्धा तास. कॉक फिरवा अन् तसंच मागं या. झाडाला हात लावू नगा."
तीन ओळींना, की पुन्हा लावायच्या म्हणून सगळ्या चौदांना? ठिबक चौदाही ओळींत अजून तशीच पडलीय. विचारायला हवं होतं.

कागद दहाला. मी सहालाच जाईन म्हणतो.