अंगठ्याचं काम

४ मार्च

सगळी गळाली. काल हात लावलेलं एकूण एक व्हॅनिलाचं फूल आज वेलाखाली पडलेलं, देठासकट, पिवळं. झाडून गोळा केली आणि ताईच्या खिडकीतून दिसणार नाहीत अशी टाकीमागे टाकली. उपयोग शून्य.

"किती पडली, पंडित?" ताईने आतून विचारलं.

"थोडी."

"म्हणजे सगळी."

५ मार्च

हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मान टाकतं. आत पुंकेसर वर, स्त्रीकेसर खाली, मध्ये एक पातळ पडदा – एका छताखाली राहून अबोला धरलेलं जोडपं. यांची समजूत घालणारी माशी या मुलखात नाही. म्हणून माणसाने काडीने पडदा उचलायचा, वरचा पराग अंगठ्याने खाली दाबायचा. झालं. फलधारणा झाली तर फूल सुकूनही वेलाला चिकटून राहतं, मागचा देठ वाढून शेंग होते. नाही तर दुसऱ्या दिवशी जमिनीवर.

गेल्या वर्षी मोजकी फुलं आली, तेव्हा ताई हे बोलता बोलता करायची, माझी टिंगल करत. डिसेंबरात तिला झटका आला. जीभ पंधरवड्यात परतली, पूर्ण धारेसह. उजवा हात परतला नाही, उजवा पायही. आणि तिसऱ्या वर्षी वेलांना पहिला सबंध बहर आलाय तो नेमका आता! काडी माझ्या हातात आली. आयुष्यभर मुलांकडून संस्कृतची शब्दरूपं घोकून घेतलेला माणूस मी. स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी माझा संबंध तेवढाच.

भाचा रोज फोन करतो. "मामा, आईला मी घेऊन जातो. इथे डॉक्टर हाकेवर आहे. वेलांना काही लागणारच नसेल तर तिने तिथे कशासाठी राहायचं?" पुढच्या रविवारी येतोय. ताईला विचारलं, जाणार का? "आधी फुलांचं होऊ दे," म्हणाली.

म्हणजे यंदा शेंगा नाहीत तर ताई नाही. बायको गेल्यावर दोन दिवसांसाठी म्हणून इथे आलो, त्याला सहा वर्षं झाली. ताई गेल्यावर या घरात मी भांडायचं कोणाशी?

६ मार्च

पुन्हा सगळी.

७ मार्च

आज घाईत दोन फुलांचे पडदेच फाडले. मग वेलांमधल्या पाटावर बसून रडलो. पन्नाशी उलटलेला, चाळिशीच्या चष्म्यातला माणूस, हातात दात कोरायची काडी. कोणी पाहिलं नाही एवढंच बरं. काव्यांत फुलं उमलतात आणि कोमेजतात. मधलं काम कसं करायचं ते एकाही कवीने लिहून ठेवलेलं नाही. झुपक्यांवर कळ्या कमी होत चालल्यात. रोज झुपक्यामागे एखादीच उमलते. ती वाया गेली की ती सकाळ गेली.

ताईने जेवताना विचारलं नाही. न विचारणं हा तिचा स्वभाव नव्हे. अर्ध्या भाकरीवर उठलो.

८ मार्च

"मला बघू दे तू काय करतोस ते."

तिची चाकाची खुर्ची वेलांच्या खांबांमधून जात नाही. एक फूल खुडून बशीत घालून नेलं. तिच्यासमोर काडी घातली, पडदा उचलला, अंगठा टेकवला. ती बघत राहिली.

"पंडित, तू पोथीचं पान उलटतोयस."

"नाजूक असतं गं."

"इकडे दे."

माझा अंगठा तिने डाव्या हाताने पकडला आणि खुर्चीच्या दांड्यावर दाबला. नख पांढरं पडलं.

"ताई, दुखतंय."

"फुलाला दुखत नाही. तुला दुखतं. म्हणून तुझं होत नाही."

सोडलं तेव्हा तीच दमली होती. पाणी मागितलं. पेला तोंडाशी धरताना अर्धं पाणी मी तिच्या पदरावर सांडलं. तर म्हणे, "माझा गेलाय, तुझ्याला काय झालं?"

९ मार्च

उजाडताच गेलो. दाबलं. एकही फूल कुरवाळलं नाही. आज नाही जमलं तर रविवारपर्यंत दाखवायला काही उरत नाही. दुपारभर वेलांकडे फिरकलो नाही. भीती वाटली.

१० मार्च

कालची फुलं सुकलीत. पण लोंबतायत! हलवून पाहायचा मोह आवरला. ताईला सांगितलं. "उद्या सांग," म्हणाली.

११ मार्च

अजून आहेत. मागचे देठ परवापेक्षा जाड, हिरवे. आजची फुलंही केली. अंगठा आपोआप दाबतो आता. एक सुकलेलं फूल वेलासकट वाकवून खिडकीशी आणलं. ताईने डाव्या हाताने देठ चाचपला, बराच वेळ. "धरलीय," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

भाच्याला मीच फोन केला. शेंगा धरल्यात, तू उगाच हेलपाटा घालू नकोस. तो म्हणाला, "मामा, तुम्ही केलंत?" त्याच्या आवाजातली शंका आज गोड लागली. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१२ मार्च, रविवार

ताई गेली.

भाच्याला तिनेच सांगितलं होतं, ये म्हणून. मी वेलांतून परतलो तर दारात बसलेली, शेजारी एका हाताने भरलेली बॅग, चेनमधून बाह्या बाहेर आलेल्या.

"अगं, पण शेंगा धरल्यात ना!"

"म्हणून तर. हे वेल कोणावर टाकून जाऊ म्हणून थांबले होते. पिकायला नऊ महिने लागतील, पंडित. तू आहेस आता."

मागच्या रांगेतली फुलं करायची राहिली होती. गाडी वळण्याआधीच आत गेलो.