पोटातलं पाणी

४ फेब्रुवारी

आज कोर्टात माझं पोट वाजलं. गुडगुडलं असतं तर एक वेळ चाललं असतं, ते सगळ्यांचंच गुडगुडतं. हा आवाज पाणी हलल्याचा होता! अर्धी भरलेली बाटली कुणी हिसडली तर येतो तसा. साक्षीदार आठवायला थांबला होता, वकील कागद शोधत होते, मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि – खळ्ळ! जजबाईंनी चष्म्यावरून बघितलं. माझे कान तापले. पण त्या साक्षीदाराला म्हणाल्या, "हं, पुढे सांगा."

मी पुढचं टाइप केलं. एकही अक्षर चुकलं नाही. चौदा वर्षांच्या सवयीला तेवढं जमतं.

जेवून पाच तास झाले होते. इतक्या वेळाने पोटात कसलं पाणी?

५ फेब्रुवारी

शिपाई म्हणाला, "बाई, मी नव्या लोकांना सांगतो, आमच्या स्टेनोबाईंच्या पोटातलं पाणी हलत नाही. खून असो, फारकत असो, बाई आपल्या टाइप करतात. काल मात्र हललं हो!" स्वतःच हसला. मीही हसले.

मग बाथरूममध्ये गेले, कडी लावली, कमरेवर दोन्ही हात ठेवून स्वतःला हलवून बघितलं. खळ्ळ. पुन्हा. खळ्ळ.

८ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर उलटी झाली. ताई बाजारात होती, ते बरं. उलटीत मटार होते. अख्खे, हिरवे, जसेच्या तसे. मटार मी काल दुपारी खाल्ले होते! त्यानंतर तीन वेळा जेवले, रात्रभर झोपले, आणि ते आपले आतच बसून.

सगळ्यात भीती कशाची वाटली तर उलटी झाल्यावर बरं वाटलं त्याची. एकदम हलकं. अण्णांना, आमच्या वडिलांना, असंच वाटायचं. कालचं अन्न आज बाहेर पडायचं आणि ते तोंड पुसत म्हणायचे, "चला, मोकळं झालं." मग डॉक्टरांनी त्यांचं पोट उघडलं आणि काही न करता शिवून टाकलं. त्यानंतर जेमतेम दोन महिने.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. त्यांची भांडी, त्यांची अंथरुणं, त्यांचं पुसणं – सगळं तिने केलं. मी दारापर्यंत जायचे आणि "अभ्यास आहे" म्हणून मागे फिरायचे. आत जायची भीती वाटायची. हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

९ फेब्रुवारी

ताईला सांगायचं नाही. एकदा केलं तिने, पुरे झालं.

१३ फेब्रुवारी

माझा कोर्टाचा काळा कोट ताईने मापाला घेतला. शिवणकाम करून करून तिला टेप लागतच नाही, तरी लावली. "दोन इंच! डाएट करतेयस की काय? या वयात? कुणासाठी गं?"

"जजबाईंसाठी," म्हटलं.

हसली. तोंडात टाचण्या धरून ती हसते तेव्हा मला नेहमी धास्ती वाटते, गिळेल एखादी. आज वाटलं, माझं काय चाललंय ते हिला कळलं तर खरंच गिळेल.

१६ फेब्रुवारी

चार घास खाल्ले की पोट गच्च. डब्यातलं उरलेलं कोर्टामागच्या मांजरांना घातलं. आज उलटी दोनदा. आंबट, इतकी आंबट की दात शिवशिवले.

कपाटातल्या मानदुखीच्या गोळ्या बघत बसले होते. टाइप करून मान धरते म्हणून घेते. आधी एक घ्यायचे. आता सकाळी, दुपारी, संध्याकाळी. किती वर्षं? तीन? चार? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात "उपाशीपोटी घेऊ नये" लिहिलंय. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टिपते आणि हे एवढं एक कधी वाचलं नाही.

पण अण्णा कुठे गोळ्या घ्यायचे?

२० फेब्रुवारी

ताईला कळलं. मी सांगितलं नाही. तिने ऐकलं!

सकाळी शिलाई मशीन खिडकीजवळ सरकवायचं होतं. एका बाजूला ती, एका बाजूला मी. "एक, दोन, तीन, उचल –" आणि माझ्या पोटात खळ्ळकन झालं. तिने मशीन तिथेच टेकवलं. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "पाणी प्यायले आत्ता." ती जवळ आली, माझ्या कमरेला धरलं आणि लहान पोराला हलवावं तसं हलवलं. खळ्ळ.

"अण्णांच्या पोटात वाजायचं असं," म्हणाली. "कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"आणि पोटात ठेवलंस!"

मग आम्ही दोघी हसलो. कशाला हसलो देव जाणे. हसता हसता ती खाली बसली आणि पदराने डोळे टिपत म्हणाली, "उद्या सकाळी. कोर्टाला कळव."

२१ फेब्रुवारी

पोटाचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात मात्र म्हाताऱ्यासारखं सावकाश. विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?" काल संध्याकाळी म्हटलं. त्यांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि ताईने केलं तेच केलं, कमरेला धरून हलवलं. ऐकून म्हणाले, "इतक्या तासांनी इथे काही राहायला नको होतं."

"म्हणजे काय झालंय?"

"बघूया."

बघूया! अण्णांना पण "बघूया"च म्हणाले होते.

भरती करून घेतलं. नाकातून नळी घातली. घशाशी आली तेव्हा वाटलं, संपलं सगळं. नर्स म्हणत राहिली, "गिळा, गिळा, गिळत राहा." गिळली. कॉटला अडकवलेल्या पिशवीत काय काय आलं ते लिहीत नाही. दीड लिटरच्या वर होतं. मी हे सगळं घेऊन रोज कोर्टात बसत होते!

२२ फेब्रुवारी

वही ताईने आज आणून दिली, कालचंही आत्ताच लिहिलं. "तुझं बाड" म्हणाली. वाचलं नसणार. ती तसली नाही.

तोंडाने काहीही घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हाताला सलाइन. नळी चालू. दुपारी पिशवी जवळजवळ रिकामी होती. शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या सुनेने डबा उघडला – गरम सूप, त्यात लोणी. नुसता वास आला. आणि नळीतून माझं पाणी सरसर खाली पिशवीत उतरायला लागलं! मी नर्सला हाक मारली, म्हटलं काहीतरी फुटलंय.

ती म्हणाली, "अहो, वास घेतलात ना? पोटाला वाटलं जेवण येतंय. तयारीला लागलंय ते."

मी पिशवीकडे बघत राहिले. आजी पुढचा चमचा प्यायल्या, इकडे आणखी थोडं आलं. मला एकाएकी पोटाची दयाच आली. वरून काही मिळणार नाही, खालून वाट नाही, तरी आपलं वाट बघतंय.

आजींनी डब्याला झाकण लावलं. "मी नंतर पिते गं," म्हणाल्या. मी रडले.

२४ फेब्रुवारी

दुर्बीण झाली. घशावर फवारा मारतात, मग आपला घसा आपला वाटत नाही.

डॉक्टर नंतर खुर्ची ओढून बसले. जठराच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात उतरतं, तिथलं दार आकसलंय. दुर्बीण पुढे गेली नाही. जेमतेम पेन्सिलीएवढी वाट.

मी विचारलं, "ते दार असतं कशाला? उघडंच का नाही ठेवलं?"

त्यांना प्रश्न आवडला बहुतेक. म्हणाले, "मग आतडं बुडेल की! जठर दिवसाला दोनेक लिटर रस सोडतं. त्यात आम्ल असतं, कडक. आधी ते घुसळून घुसळून लापशी करतं. मिनिटाला तीन लाटा येतात. लाट आली की दार किलकिलं होतं, चमच्या-अर्ध्या चमच्याने पुढे जातं. जाड तुकडा आला की मागे ढकललं जातं. आणि आतडं पुढून निरोप पाठवतं, थांब, फार आंबट येतंय, फार तेलकट येतंय, आधीचं आवरू दे. मग जठर हात आखडतं. एवढी शिस्त असते त्यात."

"आणि ते आम्ल जठरालाच कसं नाही खात?"

"आतून बुळबुळीत अस्तर असतं म्हणून. तुमच्या मानेच्या गोळ्यांनी ते अस्तर पातळ केलं. तिथे जखम झाली असणार. भरली, पुन्हा झाली, पुन्हा भरली. व्रण आकसतो."

ताई मध्येच म्हणाली, "घाबरल्यानेही होतं का हो? ही लहानपणापासून घाबरट."

"घाबरलं की जठर रेंगाळतं, हे खरं. पण नुसत्या घाबरण्याने दार इतकं आकसत नाही."

मग मीच विचारलं. बराच वेळ जिभेवर होतं. "व्रणच आहे ना? दुसरं काही नाही ना?"

ते म्हणाले, "तिथले सहा तुकडे तपासायला दिलेत. पाच-सहा दिवस लागतील. आत्ता मी हो म्हटलं तर ते खोटं होईल."

चौदा वर्षं लोकांना शपथेवर बोलताना ऐकलंय. खरं बोलणारा माणूस इतका भयंकर असतो हे आज कळलं.

२५ फेब्रुवारी

काही नाही. पिशवी दोनदा रिकामी केली.

२७ फेब्रुवारी

सारखं मनात येतं की रिपोर्ट कुठेतरी तयार झालाय. कुठल्यातरी टेबलावर माझं नाव टाइप करून पडलाय. टाइप करणारीच्या पोटातलं पाणी हललं नसेल. हलू नयेच. मी तरी कितीदा थांबले?

अण्णांच्या खोलीचं आज ताईला सांगून टाकलं. दारातून मागे फिरायचे ते. ती स्वेटर विणत होती. म्हणाली, "माहीत होतं की. त्यांनाही माहीत होतं. म्हणायचे, धाकटीला आत पाठवू नकोस, तिला सोसायचं नाही." आणि टाके मोजायला लागली.

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं मी लपवलंय!

१ मार्च

व्रणच! नुसता व्रण!!

डॉक्टर दारातूनच मान हलवत आले, वाईट नाही, वाईट नाही, अशी. सहाही तुकड्यांत काही नाही. गोळ्यांचा प्रताप, आणि शिवाय एक जंतू. जठराच्या अस्तरात घर करून राहतो म्हणे. ताईने डॉक्टरांचा हात धरला तो सोडेचना. त्यांना दुसरे पेशंट होते.

४ मार्च

दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद केली. एकदा फुगवला, थांबले, परत फुगवला. आणखी एक-दोनदा करावं लागेल. मानेच्या गोळ्या जन्मात घ्यायच्या नाहीत. जंतूसाठी दोन आठवडे औषध.

संध्याकाळी अर्धी वाटी सूप दिलं. प्यायले आणि पोटावर हात ठेवून बसून राहिले, चोराची चाहूल घ्यावी तशी. दोन तासांनी स्वतःला हलवलं. आवाज नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वाजलं का?" म्हटलं, नाही! त्यांनी टाळी दिली.

७ मार्च

घरी. निघताना डॉक्टर ताईला म्हणाले, "हा जंतू घरातल्या घरात पसरतो. तुमच्या वडिलांचं पोटाचं दुखणं होतं, तुमचं वय अठ्ठावन्न. तुम्हीही एकदा दुर्बीण करून घ्या."

"मला काय धाड भरलीय! दगड पचवते मी."

मी हट्टच धरला. तिने मला ओढत नेलं होतं, आता मी नेते. शेवटी "तुझ्या जिवाला शांतता म्हणून" कबूल झाली.

११ मार्च

भूक लागली! अकरा वाजता, उलटतपासणी चालू असताना, सपाटून. पोटात कावळे ओरडले आणि सगळ्यांना ऐकू गेले. जजबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबूया." बाहेर जाऊन उकडलेलं अंडं खाल्लं. भूक इतकी चांगली असते?

१५ मार्च

ताईची दुर्बीण झाली. फवाऱ्याने जीभ जड झाली तरी बडबड चालू. जरासा लाल भाग दिसला, तुकडा घेतलाय. "नेहमीचंच," नर्स म्हणाली. मला आज भीती वाटली नाही. बऱ्याच दिवसांनी.

२१ मार्च

दुपारी दवाखान्यातून फोन आला. ताईच्या फॉर्मवर नंबर माझा आहे. डॉक्टर स्वतः बोलले. तुकडा चांगला नाही. अगदी सुरुवातीचं आहे, काढून टाकता येईल, असं दोनदा म्हणाले. सोमवारी दोघींनी या.

आत मशीन चालू आहे. ताईने आत्ता ते थांबवून विचारलं, "कुणाचा गं फोन?"

वही ठेवते. आत जाते.