इद्रिसची नाव आणि बय्यूमीची नजर

३ ऑक्टोबर, मंगळवार

इद्रिस अजून नावेतच आहे. रमजानात त्याला नदी ओलांडायला बसवला, तो मध्यावर आला आणि तिथेच राहिला. पलीकडे झीनत वाट पाहते आहे. तिच्या बापाला काय सांगायचं हे इद्रिसला सुचत नाही, कारण ते मला, त्याच्या लेखकाला, सुचत नाही.

संध्याकाळी सांस्कृतिक भवनात लेखक मंडळाची बैठक. औषधवाला बय्यूमी म्हणाला, त्याच्या कादंबरीचं विसावं प्रकरण चालू आहे. मी अभिनंदन केलं. मनापासून. मग त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय मुतवल्ली, उतरला का इद्रिस? की जेवण तिथेच पाठवायचं?" लोक हसले. मीही हसलो. मत्सर माझ्या स्वभावात नाही, अल्लाहची कृपा.

विसावं प्रकरण. दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या माणसाचं.

४ ऑक्टोबर, पहाटेच्या नमाजनंतर

निश्चय: रोज पहाटे दोन पानं. आज नळ गळत होता, तो दुरुस्त केला. उद्यापासून.

८ ऑक्टोबर

नळ परत गळतो आहे.

शांतपणे विचार केला. लेखन थांबलं कधी? पहिलं प्रकरण मंडळात वाचलं तेव्हा. त्या दिवशी बय्यूमी म्हणाला, किती सुंदर लिहितोस. पण पुढे माशाअल्लाह म्हणाला नाही. नुसतं सुंदर म्हणून चहा प्यायला लागला.

माशाअल्लाहशिवाय कौतुक केलं की नजर लागते; म्हणजे मला नजर लागली आहे. फार हायसं वाटलं.

११ ऑक्टोबर

माझ्या बायकोच्या, नजातच्या, मावशीला विचारलं. नजात हसली, मावशी हसली नाही. ती म्हणाली, उपाय जुना आणि सरळ आहे. ज्याची नजर लागली त्याने नमाजाआधी करतात तसा वुजू करावा, आणि ते तोंड-हात-पाय धुतलेलं पाणी ज्याला लागली त्याच्या अंगावर ओतावं. पण त्याच्याकडे उघड मागावं लागतं.

हे शेवटचं काही पटलं नाही. मागायची काय गरज?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मशिदीत बय्यूमीच्या शेजारच्या नळावर बसलो. तो पाय धुवायला लागल्यावर हळूच खाली बाटली धरली. त्याने विचारलं, हे काय? मी म्हणालो, पाण्याची नासाडी बघवत नाही. मी कालवा खात्यात आहे, त्यामुळे उत्तर शोभून गेलं.

बाटलीत जेमतेम चार थेंब आले. त्यातले दोन बहुतेक माझेच.

१६ ऑक्टोबर

बय्यूमी घरी आला, बसबूसाच्या, रव्याच्या गोड वड्यांचं ताट घेऊन. त्याला सगळं कळलं होतं. मावशी रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून नेते. वाटलं, आता भांडणार. पण त्याने एक घमेलं मागितलं, अंगणात बसून तोंड, हात, पाय नीट धुतले आणि पाणी माझ्यापुढे सरकवलं.

"घे बाबा. मनात काही नव्हतं. तरी लागली असेल, तर उतरो."

मला भरून आलं. तेवढ्यात त्याने पिशवीतून स्वतःचं भांडं काढलं.

"आता तू बस."

विसावं प्रकरण खोटं होतं. तो बाराव्यातच अडकला आहे. मी एकदा त्याची भाषा गोड आहे म्हणालो होतो, तेव्हापासून. मीही माशाअल्लाह म्हणालो नव्हतो म्हणे. मी हातपाय धुऊन पाणी दिलं. केवळ त्याचं समाधान व्हावं म्हणून. खरं सांगायचं तर तो अडकलाय हे ऐकून त्या रात्री झोप छान लागली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

बय्यूमीचं पाणी ओतून घेतल्यापासून सर्दी. इद्रिसला एक वाक्य सुचलं. खोडलं.

बय्यूमीची कादंबरी पूर्ण झाली. त्याने मंडळात उभं राहून सांगितलं, मुतवल्लीच्या घरचं पाणी अंगावर पडलं आणि पाट मोकळा झाला. टाळ्या पडल्या, त्याही माझ्याकडे बघून. कवी शुक्री तर किती तरी वेळ बघत होता. मंडळात माझं वजन वाढतंय.

३ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारच्या नमाजनंतर

दारात शुक्री. त्याच्यामागे मंडळाचे सचिव, त्यांच्यामागे नाटकवाला राडी. प्रत्येकाच्या हातात भांडं.

शुक्रीची कविता मी गेल्या हिवाळ्यात 'ऐकण्यासारखी' म्हणालो, तेव्हापासून त्याला ओळ सुचलेली नाही. सचिवांना नवी खुर्ची आली तेव्हा मी तिच्यावरून हात फिरवला, महिन्यात तिचा पाय मोडला. राडीने कारण सांगितलं नाही, नुसतं भांडं पुढे केलं. कुणी रागावलं नव्हतं. दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे तिघे गुपचूप बसले होते.

मी त्यांना समजावणार होतो की यात काही तथ्य नाही. पण बय्यूमीच्या वेळी मी नाही म्हणालो नव्हतो. धुतलं. तिघांनाही वेगवेगळं. बोटं सुरकुतली.

ते गेल्यावर उठायला लागलो, तर समोर नजात. तिच्या हातात कणकेची परात.

"अहो, मरवानचे अब्बा, बदकं अंडी देईनात," ती म्हणाली. "तुम्ही शेजाऱ्यांना त्यांचं कौतुक सांगितलंत, तेव्हापासून."

मी पुन्हा खाली बसलो.